उत्तरेला डोकं

मथुरा मालवणहून औषधं घेऊन एसटीतून उतरली तेव्हा तिच्या डोक्यात एकच विचार होता, नवऱ्याची दुपारची पेज. पाणंद उतरून ती घरापुढच्या खळ्यात आली आणि जागीच थांबली. खळ्यात चपलाच चपला पडल्या होत्या, वाडीतल्या निम्म्या माणसांच्या. कुंपणाला टेकून हिरवेगार बांबू ठेवले होते, नुकतेच तोडलेले. बांबू तिच्याच घरामागच्या परड्यातले होते. वालीच्या मांडवासाठी तिने ते राखले होते, आणि आजवर कोणी मागितले तरी दिले नव्हते. शेजारी एक कोरं मडकं होतं.

बांबू आणि मडकं शेजारी शेजारी कशासाठी ठेवतात, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मग तिच्या लक्षात आलं की घरातून रडण्याचा आवाज येत नाही. रडत नाहीत म्हणजे तो अजून गेलेला नाही. आणि गेलेला नाही तर बांबू कोणाला विचारून तोडले? तिथे तिला जो राग चढला, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरायचं नाव घेईना.

आत माजघरात तिचा नवरा परशुराम खाली होता. खाटेवर नव्हता, खाली, कोब्याच्या जमिनीवर एका चटईवर. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. ओठाच्या कोपऱ्यात तुळशीचं पान चिकटलेलं. घसा घरघरत होता. भोवती बायका पदर सावरून बसल्या होत्या आणि पुरुष दारात उभे होते. डोळे मात्र उघडे होते त्याचे, आणि ते सरळ आढ्याकडे लागले होते.

दिवाळीनंतर परशुरामला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पण समजत सगळं होतं, आणि दिवसागणिक तो सुधारत होता. डावा हात चालत होता, आधार दिला की तो बसत होता. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर दीपिकाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ते श्वासनलिकेत जातं. घट्ट पेज, बसवून, चमच्याने. मथुराने एवढे महिने ते डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं. आज एक सकाळ ती घराबाहेर गेली होती.

"वयनी, इलंस?" धाकटा दीर हरिश्चंद्र खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसत पुढे आला. "बरा झाला. दादा तुझीच वाट बघता."

"ह्यांका खाली कोणी घेतला?"

"घसो वाजाक लागलो. डोळे वर गेले. मगे काय करूचा? खाटेर जीव गेलो तर गती गावणा नाय. सगळ्यांनी सांगल्यानी."

मथुराची नजर खाटेखाली गेली. तिथे बशी होती, बशीत तळाला चहा.

"चाय कोणी दिली?"

हरिश्चंद्रने पंचा पुन्हा डोळ्यांना लावला. तसा तो वाईट माणूस नव्हे. भावासाठी जीव टाकणारा, रोज सकाळी येऊन त्याची दाढी करणारा. "वायच घोटभर दिलंय," तो म्हणाला. "माझ्या कपाकडे बघत ऱ्हवता. सकाळी चाय नाय म्हणजे माणूस कसो ऱ्हवतलो?"

म्हणजे असं झालं होतं. प्रेमाने चहा पाजला, तो भलतीकडे गेला, घसा वाजू लागला, डोळे फिरले. मग सगळ्या शहाण्यांनी ठरवलं की वेळ आली. आणि त्या बुडत्या घशात वरून गंगाजल ओतलं. माणूस गुदमरतोय म्हणून त्याला पाणी पाजायचं, आणि तो आणखी गुदमरला की हात जोडायचे! मथुराला वाटलं, कोपऱ्यातलं मुसळ उचलावं आणि एकेकाला खळ्यात काढावं.

"भाग्यवान आसा गो परशुराम," दाराजवळची एक म्हातारी समजुतीच्या सुरात म्हणाली. "उत्तरायणात जाता. सगळ्यांका गावता काय ह्या?"

"मगे तू जा," मथुरा म्हणाली. "उत्तरायण संपाक अजून खूप वेळ आसा."

म्हातारीने तोंडावर पदर घेतला. मथुराने पिशवी टाकली, नवऱ्याच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. तो हलला नाही. आडदांड माणूस, समुद्रावर हयात काढलेला तांडेल, होडीचा प्रमुख.

"हरी, पाय धर."

"वयनी, खाली घेतलेल्या माणसाक परत वर घेवचा नसता. घराक बरा नाय."

"घराक काय बरा आन काय वायट, ता मी बघतलंय. तू पाय धर."

हरिश्चंद्र जागचा हलला नाही. दारातले पुरुषही हलले नाहीत. ओझं उचलायला जे हात सहज पुढे येतात ते हात पाठीमागे गेले होते. त्यांच्या लेखी परशुराम आता अर्ध्या वाटेवर होता आणि त्याला परत बोलावणं अशुभ होतं. मथुराने एकटीने त्याला कुशीवर वळवलं आणि डॉक्टरला फोन लावला.

दीपिका स्कूटरवरून आली. वयाने लहान, पण कामाला पक्की. तिने एकही प्रश्न न विचारता परशुरामची पाठ थोपटली, घशातला चिकटा काढला, छाती तपासली, बोटाला यंत्र लावलं. घरघर कमी झाली. मग तिने हरिश्चंद्रकडे पाहिलं. "काका, यांच्या जिवाला काही झालेलं नाही. छातीत पाणी गेलंय, त्याचं औषध देते. आता धरा आणि वर घ्या."

वहिनीचं न ऐकणारा हरिश्चंद्र डॉक्टरपुढे मुकाट वाकला. पुरुषांचे हात पुढे आले. परशुराम खाटेवर गेला. लोक चपला शोधत हळूहळू पांगले, जराशी फजिती झाल्यासारखे. तेवढ्यात हरिश्चंद्रचा फोन वाजला. मुंबईचे नातेवाईक निघाले होते, त्याने सकाळीच सगळ्यांना कळवलं होतं. पलीकडून कोणीतरी विचारत होतं, कधी काढणार, आम्ही पोचू ना. मथुराने फोन त्याच्या हातातून घेतला.

"सावकाश येवा," ती म्हणाली. "काढूचा काय नाय. जेवक येवा. ते पण जेवतले."

पण ते जेवले नाहीत.

संध्याकाळी तिने त्याला उशांना टेकवून बसवलं, घट्ट पेज घोटली, मीठ घातलं, चमचा ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच. तिला वाटलं दमला असेल. सकाळी पुन्हा तेच. चमचा आला की तो दात आवळून धरायचा आणि नजर खाली वळवायचा, जमिनीवरच्या त्याच जागेकडे. उजाडता उजाडता मुलगी संचिता डोंबिवलीहून रडून सुजलेल्या डोळ्यांनी आली. तिने बापाच्या गळ्यात हात टाकले, चमचा धरला, "बाबा, माझ्यासाठी एक," म्हणाली. लाडक्या लेकीलाही त्याने तोंड उघडलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड बंद ते बंद.

दीपिका पुन्हा येऊन पाहून गेली. "त्यांना गिळता येतंय," ती मथुराला बाहेर नेऊन म्हणाली. "ते गिळत नाहीयेत. संध्याकाळपर्यंत काही गेलं नाही तर हॉस्पिटलात हलवायला हवं. नाकातून नळी घालतील. पण मन नसलेला माणूस ती नळी ओढून काढतो. मी बघितलंय." तिने जरा थांबून विचारलं, "काल त्यांना खाली ठेवलं तेव्हा ते शुद्धीत होते का?"

मथुराला कालपासून ठाऊक होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. परशुराम शुद्धीत होता आणि त्याला सगळं कळलं होतं, कारण हे त्याचंच काम होतं.

या किनाऱ्यावरची घरं समुद्र बघून बांधलेली. एकाही घराची भिंत धड उत्तरेला जात नाही. म्हणून दिशा नेमकी हवी असली की वाडीतली माणसं परशुरामला बोलवायची. तो खळ्यात उभा राहायचा, सावली बघायचा, आणि हात करायचा. बाजारातल्या दुकानाचा गल्ला उत्तरेला उघडला पाहिजे, कुबेराची दिशा, मग परशुराम जायचा. लग्नात भटजी नवरानवरीला ध्रुव दाखवायचे, तेही भर दुपारच्या मुहूर्तावर, आणि पोरं न दिसलेला तारा दिसला म्हणायची. ध्रुव नक्की कुठे, ते बोट परशुरामचं असायचं. आणि कोणाची घटका भरली की त्याला खाली घेऊन डोकं नेमकं उत्तरेला करायचं, तेही परशुरामच. एकच हात, एकच दिशा. गल्ल्याला ती चालते, नवरीला चालते, देवाला चालते. जितंजागतं माणूस मात्र तिकडे डोकं करून नुसतं झोपलं तरी घरातले हाताला धरून उठवतात. मथुराने आयुष्यभर हे निमूट ऐकलं होतं. आज तिला त्या दिशेचाच संताप आला.

आणि तिला सासू आठवली. परशुरामनेच आपल्या आईला खाली घेतलं होतं, याच माजघरात. म्हातारी लगेच गेली नाही. ती जमिनीवर पडून राहिली, ओठ हलवत राहिली. मथुरा पेजेची वाटी घेऊन आली तेव्हा परशुरामने हाताने अडवलं. "आता नको," तो म्हणाला. "आता तेचा उपेग नाय." एकदा दिशा ठरली की माणसाने जेवायचं नसतं, जायचं असतं. मथुराने वाटी परत नेली होती. तो राग तिने तेव्हा गिळला, आणि तो तसाच पोटात होता.

ती आत आली. परशुराम उशांना टेकून बसला होता. खाटेच्या पायथ्याशी हरिश्चंद्र मान खाली घालून बसला होता, संचिता वाटी धरून.

"तुमका काय वाटता, तुमी मेलात?" मथुराने सरळ विचारलं.

परशुरामने डोळे मिटले. उत्तर तेवढं पुरेसं होतं.

"आई, असं काय बोलतेस?" संचिता म्हणाली.

"गप ऱ्हव." मथुरा खाटेजवळ आली. तिने एक डाव टाकून पाहिला. "ह्यो तुमचो भाव काल मोबाइल धरून उत्तर बघी होतो. बाजूक लोखंडी खाट. लोखंडाजवळ मोबाइल कसो बरोबर दाखवतलो? उत्तर नव्हतीच ती. भलतीकडे डोक्या केल्यानी तुमचा. म्हणजे झाला ता काय खरा नाय."

परशुरामने डोळे उघडले. खिडकीकडे पाहिलं, जमिनीवरच्या उन्हाकडे पाहिलं. मग डावा हात वर केला आणि सावकाश, ठामपणे, माजघराच्या कोपऱ्याकडे केला. काल त्याचं डोकं त्याच कोपऱ्याकडे होतं. उत्तर बरोबर होती. त्याने ती पडल्या पडल्या तपासून घेतली होती.

मथुराच्या अंगाची लाही लाही झाली. माणूस मरायला टाकलेला, घशात पाणी, ओठाला तुळस, आणि हा दिशा तपासत होता. भाऊ चुकला, गाव चुकलं, पण हा? ह्याला स्वतःच्या जिवापेक्षा उत्तर मोठी. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आता तोंडाचा बांध फुटला.

"बरोबर आसा म्हणतस? बरी गोष्ट. तुझ्या आयेकडे मी पेज घेवन इल्लंय तेव्हा पण बरोबरच होतस तू. ती ओठ हलवत होती. तुका दिसत नव्हता? तुका दिशा दिसली, आवस दिसली नाय."

हरिश्चंद्रने झटकन मान वर केली. आई त्याचीही होती. परशुरामचा चेहरा वेडावाकडा झाला. पण दात आवळलेलेच राहिले. उलट त्याने मान हलवली, हळू, खालीवर. होय, असं. आईला जे दिलं ते मला. मथुराला कळलं की आपण त्याला आणखी पटवून दिलंय. हा माणूस आता प्रायश्चित्त म्हणूनही मरेल, आणि आपण त्याच्या हातात नवं कारण दिलं.

मग कोपऱ्यातली कालची चटई तिने ओढली, त्याच जागी पसरली, आणि आडवी झाली. डोकं त्याने दाखवलेल्या कोपऱ्याकडे, पाय दक्षिणेला. कुंकू लावलेली बाई, हातात हिरवा चुडा, भर सकाळी, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत.

"आई!"

"वयनी, तुझा डोक्या फिरला काय?" हरिश्चंद्र उभा राहिला. "सवाशीण बायल तू. ऊठ आदी."

"निजलंय मी. तुळस हाड. माझ्या पण तोंडात पाणी घाल, काल ह्येच्या घातलंस तसा."

हरिश्चंद्र वाकून तिच्याकडे बघत राहिला. खालून तिला त्याचं तोंड उलटं दिसलं, हनुवटी वर आणि डोळे खाली. संचिताचं तोंड दिसलं. त्यामागे कौलं, काळी पडलेली. काल परशुरामने हेच पाहिलं असणार, फक्त तोंडं जास्त होती. ओळखीच्या माणसांची तोंडं, आणि एकानेही त्याला वर उचलायला हात घातला नव्हता. तिला हुंदका आला. तिने तो रागाने दाबला, कारण आता रडून चालणार नव्हतं.

"घराक बरा नाय काय ह्या?" ती कौलांकडे बघत म्हणाली. "नसूंदे. दोगांचा एकदमच होवंदे. बांबू आसतच. माझेच आसत."

खाटेवर धप्प आवाज झाला. परशुरामचा डावा हात खाटेच्या कडेवर आपटला होता. पुन्हा आपटला. तो पुढे झुकायला बघत होता. संचिताने त्याला धरलं. त्याची मान लाल झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या, आणि घशातून घुसमटलेला आवाज आला. जिवंत बायको उत्तरेला डोकं करून निजली होती, आणि हे पाहण्यापेक्षा त्याला काहीही चाललं असतं. आयुष्यभराचं दिशेचं ज्ञान त्याच्या अंगावर उलटलं. मथुरा हलली नाही.

"शि..." परशुराम म्हणाला.

हरिश्चंद्र खाटेकडे वळला.

"शिरा," तो म्हणाला. तोंड वाकडं, अक्षरं वाकडी, पण ओळखू येण्यासारखी. "शिरा पडो... तोंडार... तुझ्या."

दिवाळीनंतर त्याच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द, आणि तो शिवीचा. संचिता हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळेना.

"ऊठ," परशुराम म्हणाला. हे मात्र स्पष्ट आलं. डोळ्यांत नुसता अंगार होता. "ऊठ गो."

"जेवतलस तर उठतंय," मथुरा जमिनीवरून म्हणाली.

त्याने हात आपटला. तिने डोळे मिटले, मुद्दाम, मेलेल्या माणसाचे मिटतात तसे. मग संचिताने चमचा भरला आणि बापाच्या ओठांशी नेला. परशुराम बायकोकडे बघत होता, असा की जणू हात पोचला असता तर तिला दोन ठेवून दिल्या असत्या. बघता बघता त्याने तोंड उघडलं. पेज आत गेली. त्याने ती तोंडात घोळवली, रागाने गिळली, आणि तिच्याकडे बोट केलं. ऊठ.

"किती गेली गो?" मथुराने डोळे न उघडता विचारलं.

"एक चमचा," संचिता म्हणाली.

"वाटी संपांदे."

त्याने पुन्हा शिवी दिली आणि पुन्हा तोंड उघडलं.